लादी उतरवताना आवाज कोणी द्यावा

मी, खाली सही करणारी, या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी, काठीने चेंडू भोकात ढकलायच्या पूल खेळाची टेबले बसवणाऱ्या कारागिराची पत्नी आणि त्याच धंद्यात आयुष्यभर जिन्यावर उभी राहिलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे तपासून सांगितले आहे आणि सुनेलाही ते मान्य आहे, म्हणजे दुहेरी दाखला झाला. गुडघे, दम आणि डावा कान यांच्याबद्दल मी काहीही जाहीर करत नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. कोणाला हौस असेल तर आणून पाहावा.

माझे यजमान वारले आहेत. यापुढे या कागदात ‘हे’ किंवा ‘यांनी’ असे आले तर ते यांच्याबद्दलच आहे असे समजावे. वकीलबाई म्हणतात की कायद्यात असे चालत नाही, पण उभ्या आयुष्यात मी यांना दुसरे काही म्हटलेले नाही आणि आता सुरुवात करणार नाही.

कलम पहिले. खालचे दुकान, वरचे राहते घर आणि मधला जिना हे सर्व माझ्या मुलाला. जिना मुद्दाम वेगळा लिहिला आहे. वकीलबाईंनी सांगितले, “घर दिलं म्हणजे जिना आलाच की.” त्या कधी काही उचलून जिन्यावरून गेलेल्या दिसत नाहीत. आमच्या जिन्याला मध्ये वळण आहे, वळणावर उभे राहण्यापुरती चौकोनी जागा आहे आणि कठड्याचा खालचा खांब थोडा आत झुकलेला आहे. मुलाने तो खांब सरळ करून घ्यावा, पण कलम पाचव्यातले काम होण्याआधी नव्हे. त्या झुकलेल्या खांबाची सगळ्यांना सवय आहे.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते दोन्ही मुलांना सारखे. दागिने मुलीने आणि सुनेने आपापसात वाटून घ्यावेत. जमले नाही तर एकमेकींचे घालावेत, नाहीतरी आत्ताही तेच चालते. डुगडुगणारे स्टूल सुनेला. त्याच्यामागे इतिहास आहे, तो पुढच्या कलमात येईल. सूनबाई, तुझ्यामाझ्यात चष्म्याच्या घरावरून, खिडकीवरून आणि चहात साखर किती यावरून जे काही झाले, त्यातले खिडकीचे तेवढे तुझे बरोबर होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तू करायची आहेस. या घरात सांगितलेले काम सांगितले तसे करणारी तू एकटी आहेस आणि हे मी तुला तोंडावर कधी सांगितले नाही म्हणून इथे लिहिते.

कलम तिसरे. वरच्या मोठ्या खोलीतले पूल टेबल माझ्या मुलीला.

इथे वकीलबाईंनी लेखणी थांबवायला लावली. त्यांना विचारायचे होते की टेबल स्थावर मिळकतीत घालायचे की जंगम. मी म्हटले, “ते तुम्ही त्याच्या एका टोकाला हात घालून ठरवा.” त्यांनी पाय जमिनीवर रोवून खरोखरच हात घातला, आणि मग टेबल स्थावरात लिहिले. सूनबाईने नंतर ते खोडून जंगम केले आहे. तिथे माझी सही आहे.

लग्न झाल्यावर मी यांना म्हटले होते, “साऱ्या जगाची टेबलं सपाट करत फिरता आणि आपल्या घरात बसायचं स्टूल डुगडुगतंय.” माणसाने काय करावे? स्टुलाच्या पायाखाली लाकडाची चकती ठोकावी. यांनी आणि भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, एका बंद पडलेल्या हॉटेलातून पूल टेबल उचलून घरी आणले आणि वर आणून बसवले. हे म्हणाले, “घे, आता आपल्या घरात एक तरी वस्तू डुगडुगत नाही.” स्टूल आजही डुगडुगते.

त्या टेबलावर मी कपड्यांना इस्त्री केली म्हणून यांनी माझ्याशी संध्याकाळभर अबोला धरला होता. त्याच टेबलावर मुलीने यांना पहिल्यांदा हरवले तेव्हा मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे हसले. घराची वाटणी निघाली तेव्हा मुलगी म्हणाली, “घर दादाला दे आई, मला टेबल दे.” दादाला वाटले ती भोळी आहे. ती भोळी नाही. तिचे घर तळमजल्यावर आहे, खोली मोठी आहे आणि तिला बापाच्या टेबलावर खेळायचे आहे. दादाचा आधी विचार होता की दगड हातोड्याने फोडून तुकडे खाली न्यावेत. तो तसे बोलला तेव्हा मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याने विचार बदलला.

मी असेपर्यंत टेबल हलवायचे नाही. माझी खाट त्याच्याशेजारी आहे आणि मला रात्री उठताना त्याच्या कडेचा आधार लागतो.

कलम चौथे. हत्यारे. पातळी बघायची काचेच्या नळीची पट्टी मुलीला. पाने, पेचकस, खरवडायची पत्र्याची पट्टी आणि जाड कापडी पट्टे मुलाला. मुलाला यातले काही वापरता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण यांच्या हातातली वस्तू त्याच्या घरी खुंटीला असावी. कदाचित एखाद्या दिवशी तो स्टूल नीट करील.

कलम पाचवे. टेबल खाली कसे न्यायचे. हे कलम सर्वांनी आधी मोठ्याने वाचावे.

पुष्कळांना वाटते की हिरव्या कापडाखाली लाकूड असते. लाकूड नसते, दगड असतो, पाटीचा काळा दगड, आणि तो तीन तुकड्यांत असतो. त्याला आम्ही लादी म्हणतो. एकेक लादी म्हणजे भरपेट जेवून गाढ झोपलेला जाडजूड माणूस. हलवले तर मदत करत नाही, उलट अंग टाकतो.

आधी भोकांखालच्या जाळ्या काढाव्यात. मग टेबलाखाली झोपून कडांचे बोल्ट सोडवावेत. कापडाच्या पिना एकेक करून उपटाव्यात, ओढून काढू नये, कापड मुलीला पुन्हा लागेल. लाद्यांच्या सांध्यात मेण भरलेले आहे, ते पट्टीने खरवडून स्क्रू शोधावेत. एखादा स्क्रू राहिला आणि लादी उचलली तर दगडाचा टवका निघतो. लाद्यांखाली जागोजागी पत्त्यांच्या जोडातली पाने सारलेली सापडतील. फेकू नयेत. त्यांनीच टेबल सपाट ठेवले आहे. कुठले पान कुठले ते खडूने लिहून ठेवावे. बदामाची राणी खिडकीच्या बाजूला आहे एवढे मला आठवते, कारण ती काढल्यामुळे आमचे पत्ते खेळणे कायमचे बंद झाले.

लादी आडवी कधीच न्यायची नाही, स्वतःच्याच वजनाने मोडते. उभी धरायची, घोंगडीत गुंडाळून, पट्टे घालून. जिन्यावर पायपुसणे, कुंड्या, चपला, मांजर काही नको. पायात रबरी तळव्याचे बूट. पायऱ्या मोजत उतरू नये. मोजणाऱ्याला वाटते संपल्या, तो मोकळे पाऊल टाकतो आणि तिथे अजून एक पायरी असते. वरच्या खांबाला दोर घालून एकाने तो हळूहळू सोडत राहायचे. ते काम मुलीचे, तिचा हात सावकाश आहे. वरचे टोक मुलाचे. खालचे टोक पैलवानाचे. पैलवान आमच्याकडे शिकला, आता त्याचा स्वतःचा धंदा आहे आणि पाठ दाराएवढी आहे. लादीच्या खाली, उताराच्या बाजूला, पैलवानाशिवाय कोणीही उभे राहायचे नाही, कौतुक करायलासुद्धा नाही.

आणि यांचा पहिला नियम. लादी सुटायला लागली तर ती सुटू द्यायची. हे प्रत्येक नव्या माणसाला सांगत, “दगड दुसरा मिळतो रे. पाय दुसरा आणून बसवायचं काम माझ्याच्याने व्हायचं नाही.”

कलम सहावे. भाऊजी.

हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि खरे सांगायचे तर बाकीचे कागद याच्यासाठीच लिहिले आहेत.

टेबल वर आणले त्या दिवशी खालच्या टोकाला भाऊजी होते. वजन सगळे खालच्यावर येते, आणि लहान भावाने खालचे टोक घ्यायचे हे त्यांनी कोणाला न विचारता ठरवले होते. मी वळणावर चहा घेऊन उभी होते. लादी उभी धरली की तिच्यामागे दोघांची नुसती बोटे दिसतात. त्यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही आणि स्वतःचे पायही दिसत नाहीत. मला दिसत होते. भाऊजींची टाच पायरीच्या बाहेर हवेत होती. मी ओरडले, “थांबा!” दोघे जागच्या जागी थिजले. मी सांगितले, “भाऊजी, पाऊल आत घ्या.” त्यांनी घेतले. वर पोचल्यावर यांनी विचारले, “तुला कसं दिसलं?” मी म्हटले, “मी काही उचललेलं नव्हतं ना, म्हणून.”

तेव्हापासून प्रत्येक जिन्यावर हे मला न्यायला लागले. वरचा, खालचा आणि आवाज अशी आमची तीन माणसे. जिन्यावर फक्त आवाजाने बोलायचे. उचला, एक पायरी, भिंत, थांबा. आणि शेवटी लादी जमिनीवर टेकली की, “टेकली. सोडा.” ते ऐकल्याशिवाय कोणी बोट ढिले करायचे नाही. आवाजाला एकच बंधन होते, लादीला हात लावायचा नाही. एकदा लादी माझ्याकडे झुकली आणि मी सावरायला हात पुढे केला, तर हे वरून गरजले, “हात मागे!” खाली आल्यावर समजावून सांगितले की आवाजाने हात घातला की त्याला फक्त आपला हात दिसतो, बाकी जिना दिसेनासा होतो. त्या दिवसापासून मी जिन्यावर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

भाऊजी वडिलांचे ऐकत नसत. मोठ्या भावाचे अर्धे ऐकत. जिन्यावर माझे मात्र सगळे ऐकत, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे लादी टेकण्याआधी आलेला ‘सोडा’. एका हॉटेलच्या मागच्या जिन्यावर पट्टा निसटला, लादी घसरली. हे वरून ओरडले, मी वळणावरून ओरडले, “सोडा, भाऊजी, सोडा!” त्यांनी सोडली नाही. छातीवर घेऊन उभे राहिले. लादी वाचली. त्यांची बरगडी गेली. दवाखान्यात मी रडत रडत विचारले तर म्हणाले, “दादाची लादी होती, वहिनी.” एवढेच. भाऊजी एकूणच कमी बोलतात, पुष्कळसे काम ‘हं’ वर भागवतात.

आता गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितले की जड काही उचललेत तर तिथल्या तिथे जाल. आणि टेबल मुलीकडे जाणार हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी घरी आले, खुंटीवरचे पट्टे काढले आणि शिवण तपासत बसले.

मी म्हटले, “हे काय चाललंय?”

“खालचं टोक माझं.”

“डॉक्टरांनी तुम्हाला बादली उचलायलासुद्धा बंदी केलीय.”

“बादलीला केलीय. लादीचं कुठे काय म्हणाले?”

मी रागावले, सून रागावली, माझ्या मुलाने हात जोडले. “हं,” म्हणाले आणि पट्टे परत खुंटीला लावून गेले. त्यांच्या ‘हं’ मधला हा ‘हं’ मला चांगला ओळखता येतो. मी गेल्यावर, घरात कोणी अडवणारे उरले नाही की ते पहाटे येऊन पैलवानाला बाजूला सारतील आणि दादाची लादी छातीवर घेतील. मला याची इतकी भीती वाटली की काही रात्री मरायचेसुद्धा सुचेना.

मनाई करून काही व्हायचे नाही, म्हणून मी त्यांना देणगी देत आहे. माझी वळणावरची जागा भाऊजींना. जिन्यावरचा आवाज आता त्यांचा. त्या दिवशी दुसऱ्या कोणी तोंड उघडायचे नाही, आणि आवाजाने हात लावायचा नाही हे त्यांच्या दादाने घालून दिलेले बंधन आहे, माझे नाही. मुलांवर तशी वेळ आली तर भाऊजी सगळ्यात आधी ‘सोडा’ म्हणतील याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

सरावही करून पाहिला. मुलाने आणि मुलीने माझी गादी जिन्यावरून उतरवली, भाऊजी वळणावर. मी वर दारात खुर्चीवर बसले होते. गादी वळणाशी आली आणि भाऊजी म्हणाले, “हं.”

मुलाने विचारले, “काका, हं म्हणजे थांबू की येऊ?”

“हं म्हणजे हं.”

गादी खाली, आमचे भाडेकरू शिंपीकाका यांच्या दुकानात शिरली आणि कपडे शिवायला टाकायला आलेल्या बाईंच्या अंगावर बसली. दुसऱ्या वेळी कपाटाचे दार उतरवले. तेव्हा भाऊजी “भिंत!” असे ओरडले की शिंपीकाकांनी सुई बोटात घुसवून घेतली. पण दार भिंतीला लागले नाही.

मग ते वर आले आणि माझ्या शेजारी त्या स्टुलावर बसले. म्हणाले, “वहिनी, मला नाही जमायचं. बोलायच्या तुम्ही. मी नुसता ऐकायचो.”

मी म्हटले, “म्हणूनच तुम्हाला देतेय. माझा आवाज तुमच्याइतका कोणी ऐकलाय?”

ते उठून टेबलाची कड पुसू लागले. ‘हं’ सुद्धा म्हणाले नाहीत, आणि म्हणून मी हे कलम लेखी करत आहे. भाऊजी, मला सख्खा भाऊ नाही. तुम्ही आहात. दगडासाठी तुम्ही जायचे नाही.

कलम सातवे. जुने हिशेब. आम्ही एकदा टेबल बसवायला गेलो होतो त्या क्लबच्या सेक्रेटरींना मी काही देत नाही. त्यांनी भर जिन्यावर विचारले होते, “या बाई मध्ये कशाला?” आणि मला खाली पाठवून स्वतः, त्यांचा शिपाई आणि आचारी असे सगळे एकदम सूचना देऊ लागले. लादीचे दोन तुकडे झाले. मी त्यांना माफ केले आहे, पण हे त्यांना कळवू नये. मांजर मुलीच्या सासूबाईंना, कारण त्या ते मागत नव्हत्या.

कलम आठवे आणि शेवटचे. माझ्याबद्दल.

मी वरच्या मजल्यावर मरणार हे उघड आहे, कारण डॉक्टरांकडच्या त्या फेरीनंतर गुडघ्यांनी मला खाली जाणे बंद केले आहे. म्हणजे मलाही याच जिन्यावरून न्यावे लागेल, आणि टेबलाच्या आधी. मी लादीपेक्षा हलकी आहे, डॉक्टरांच्या काट्यावर पाहिले आहे. तरी जिना तोच आहे आणि नियम तेच ठेवावेत. चपला बाजूला करा. वरचे टोक मुलाने घ्यावे, खालचे पैलवानाने. मुलीने माझ्या उशाशी चालावे. सुनेने पुढे जाऊन दार उघडावे, ते तिच्याशिवाय कोणाकडून नीट उघडत नाही.

भाऊजी खालचे टोक मागायला येतील. द्यायचे नाही. भाऊजी, तुम्ही वळणावर उभे राहा, माझ्या जागेवर, हात पाठीमागे. रडू आले तर येऊ द्या, पण नजर सगळ्यांच्या पायांवर ठेवा. त्या दिवशी तिथे ज्याचे पाय डगमगणार नाहीत असा कोणी नसेल. एक पायरी म्हणा, भिंत म्हणा. आणि मी खाली पोचले की माझ्यासाठी म्हणायचे तेवढे म्हणा, “टेकली. सोडा.” मला ते तुमच्याच तोंडून हवे आहे.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून लिहिते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. त्यामुळे भाऊजींची सही घेता येत नाही, आणि शिंपीकाकांना मी काही ठेवता ठेवता राहिले. त्यांनी राग मानू नये, बोटाचे औषध मी आधीच दिले आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, मला वाचून दाखवले गेले, आणि जिथे सुनेने शुद्धलेखन सुधारले तिथे मी कुरकुरत मान्यता दिली.

ठिकाण: वरची मोठी खोली, टेबलाशेजारची खाट.
तारीख: डॉक्टरांनी नाडी पाहून कागदाच्या डोक्यावर लिहिली आहे तीच.

(सही) वरच्या मजल्यावरची, मुलांची आई

साक्षीदार:
(सही) डॉक्टर. सही करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत आणि माझ्या काट्यात खोट काढत आहेत.
(सही) शिंपी, तळमजला.

सह्या झाल्यावर भाऊजींनी कागद मागून घेतला. साक्षीदार म्हणून नको तर नको, पण खाली काहीतरी लिहू द्या म्हणाले. वकीलबाई नको म्हणत होत्या, मी हो म्हटले. त्यांचे अक्षर जड आहे, लेखणी कागदात रुतली आहे, म्हणून इथे सुनेने पुन्हा स्वच्छ लिहिले आहे:

वाचलं, वहिनी. दोन्ही वेळा हात मागे ठेवीन.